हिरव्या जाळीतला बाक

आमच्या ओटीवर एक टीव्ही आहे. नुसतं टीव्ही म्हटलं तर हल्ली भिंतीवरची चपटी पाटी डोळ्यांपुढे येते, म्हणून आधीच सांगते, आमचा टीव्ही कपड्यांच्या कपाटाएवढा आहे. पुढे मोठा पडदा, आत तिरका आरसा आणि तळाशी तीन नळ्या. एक लाल, एक हिरवी, एक निळी. तिघी आपापल्या रंगाचं चित्र आरशावर टाकतात, आरसा ते मागच्या बाजूने पडद्यावर पाठवतो, आणि तिन्ही चित्रं एकमेकांवर नीट बसली की पुढे बसलेल्याला एकच चित्र दिसतं. हे सगळं मला गंगाराम मोहिते यांनी समजावून सांगितलं. ही हकिकत त्यांची आहे. टीव्हीची त्यामानाने थोडीच.

माझे यजमान अभय मुंबईत एका जहाज कंपनीच्या कचेरीत होते. मी इथे रत्नागिरीत प्राथमिक शाळेत शिक्षिका. कंपनीने आपला क्लब बंद केला तेव्हा तिथलं सामान कर्मचाऱ्यांत वाटलं, आणि हा टीव्ही आमच्या वाट्याला आला. वाशीच्या बाजारात आंबे उतरवून रिकामा परतणारा एक टेम्पो अभयना मिळाला. त्यात उरलेल्या गवतावर बसून हा पेटारा कशेडीचा घाट उतरला आणि कुवारबावला आमच्या दारात थांबला. दारातून तो आत जाईना. शेवटी ओटीचं दार बिजागऱ्यांसकट काढलं, चौघांनी उचलला, आणि जिथे ठेवला तिथून तो आजवर हललेला नाही.

त्या उन्हाळ्यात आमची ओटी आमची राहिली नाही. संध्याकाळी आळीतली माणसं यायची, बायका निवडायची भाजी घेऊन यायच्या. आमची वेदिका तेव्हा लहान होती. ती आल्यागेल्याला सांगायची की आमच्या टीव्हीत माणसं खऱ्याएवढी असतात. खरं तर तेवढी नव्हती, पण आम्हालाही तसंच वाटायचं.

पावसाळा संपता संपता रंग फुटले. बातम्या सांगणाऱ्या बाईच्या एका बाजूला लाल बाई आणि दुसऱ्या बाजूला निळी बाई दिसायला लागली. तीन बायका एकदम बातम्या सांगताहेत, आणि मधली तेवढी धड. गावातले दोन मेकॅनिक येऊन गेले. एकाने मागचं झाकण काढलं, आत डोकावून पाहिलं आणि परत लावलं. दुसऱ्याने तेही केलं नाही. मग कोणीतरी सांगितलं की साळवी स्टॉपला मोहिते म्हणून एकजण नवीन दुकान टाकून बसलाय, मुंबईत मोठ्या हॉटेलांचे असलेच टीव्ही बघायचा.

गंगारामभाऊ आले तेव्हा चाळिशीच्या पुढचे असतील. बारीक अंगाचे, खिशाला टेस्टर, हातात कापडी पिशवी. त्यांनी टीव्ही उघडला नाही. आधी समोर जमिनीवर मांडी घालून बसले आणि चालू चित्राकडे बराच वेळ बघत राहिले. मग मला विचारलं, लाल सावली आधी आली की निळी? सकाळी कमी आणि संध्याकाळी जास्त, असं होतं का? कडेला जास्त दिसते की मधे? मला शाळेत मुलांना प्रश्न विचारायची सवय, इथे मीच उत्तरं देत होते. पण ज्या घरात टीव्ही चालतो त्या घरच्या माणसांनीच बिघाड जास्त पाहिलेला असतो, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांना विचारल्याशिवाय ते स्क्रू काढत नसत.

तिन्ही चित्रं जुळवून ठेवणारी चिप तापून गेली होती. त्यांनी ती मुंबईहून मागवली, बसवली, सोबतचे दोन जळके रेझिस्टन्स बदलले. आरशावर आमच्या दमट हवेने बुरशी धरली होती. मी फडकं घेऊन पुढे झाले तर त्यांनी हात आडवा घातला. म्हणाले, "ह्याला फडका लावायचा नाय, बाई. पापुद्रा निघून येतो." मऊ ब्रशने ते नुसतं फुंकर घातल्यासारखं पुसत राहिले.

मग त्यांनी ओटीवरचे दिवे घालवायला सांगितले, खिडक्यांवर चादरी टाकल्या, आणि रिमोटची कसलीशी बटणं दाबून पडद्यावर एक जाळी आणली. उभ्याआडव्या रेघांची, मासे धरायच्या जाळ्यासारखी, पण चौकोनी. आधी त्यांनी फक्त हिरवी जाळी ठेवली. हिरवी सरळ केली की लाल तिच्यावर बसवायची, मग निळी. हिरवी चुकली तर पुढचं सगळं चुकतं, असं ते म्हणाले. सुतार फळीची धार बघतो तसा उजवा डोळा मिटून ते डाव्या डोळ्याने एकेक रेघ निरखत होते. तिन्ही जाळ्या एकमेकींवर बसल्या आणि रंग नाहीसे होऊन पडद्यावर नुसत्या पांढऱ्या रेघा उरल्या. मला ते चित्रापेक्षाही सुंदर वाटलं होतं.

पुढे दक्षिण आफ्रिकेतला विश्वचषक आला. फायनलला आमच्या ओटीवर, पायऱ्यांवर, अंगणात माणसंच माणसं होती. गंगारामभाऊ त्यांच्या बायकोला, शालनवहिनींना घेऊन आले होते. आपण हरलो. लोक उठून गेले. भाऊ मागे थांबले आणि टीव्हीच्या मागच्या जाळीवर हात ठेवून फार तापलाय का ते बघत राहिले.

त्यानंतर दर पावसाळ्याच्या शेवटी ते न बोलावता यायला लागले. झाकण उघडायचं, बुरशी काढायची, नळ्यांपुढचं थंडावा देणारं पाणी गढूळ झालं असेल तर बदलायचं, जाळी लावून बघायची. काम झालं की चहा, आणि चहाबरोबर गप्पा. हळूहळू त्यांचं सगळं आयुष्य मला तुकड्यातुकड्यांनी कळत गेलं. गाव संगमेश्वरकडचं, बौद्धवाडीतलं. वडील मुंबईत गिरणीत होते, ती बंद पडली. गंगारामभाऊंनी परळच्या खोलीत राहून रेडिओ-टीव्हीचा कोर्स केला आणि एका सर्व्हिस सेंटरमध्ये लागले. हॉटेलं, क्लब, दवाखाने, जिथे म्हणून असले मोठे टीव्ही होते तिथे त्यांना पाठवत. ते सांगत की पहिल्यांदा एका पंचतारांकित हॉटेलात गेले तेव्हा पहारेकऱ्याने मागच्या दाराने पाठवलं, आणि आत गेल्यावर मॅनेजरने स्वतःच्या खुर्चीवर बसवलं, कारण टीव्ही बघायला उंची तीच बरोबर होती. हे सांगताना त्यांना हसू यायचं. वडील आजारी पडले तसे ते गावाकडे परतले. शालनवहिनींना रत्नागिरीत अंगणवाडीत काम मिळालं म्हणून दोघं इथे राहिले.

मग टीव्ही चपटे होत गेले. ते बिघडले की लोक दुरुस्त करत नाहीत, बदलतात. गंगारामभाऊंच्या दुकानात मिक्सर, इस्त्र्या आणि डिशचे डबे येऊ लागले. आमच्यासारखा टीव्ही त्यांनी शेवटचा कधी पाहिला हे त्यांनाच आठवेना. गणपतीपुळ्याच्या एका लॉजने असाच एक भंगारात काढला तेव्हा त्यांनी तो उचलून आणला आणि आमच्यासाठी त्यातले सुटे भाग जपून ठेवले. वेदिका पुण्याहून दर दिवाळीला म्हणायची की आई, आता नवा घ्या. अभय म्हणायचे, भाऊ आहेत तोवर हा आहे. अभयनी निवृत्तीनंतर या टीव्हीला जीव लावला होता. त्यांना त्यात मुंबईतली माणसं दिसत असावीत, क्लबात त्याच्यापुढे बसलेली.

गेल्या वर्षीचा पाऊस लांबला. नवरात्राच्या सुमारास रंग पुन्हा फुटले. मी फोन केला, भाऊ आले. आता केस पांढरे, पाठ जराशी वाकलेली. भंगारातून ठेवलेली चिप त्यांनी बसवली, खिडक्यांवर चादरी टाकल्या आणि हिरवी जाळी लावली. आणि मग ते अडले.

हिरव्या जाळीत मधे बाक आहे, असं ते म्हणाले. रेघा मधे आत ओढल्यासारख्या दिसतात. त्यांनी तो काढायचा प्रयत्न केला. थोड्या वेळाने म्हणाले की बाक जागेवर राहत नाही, कधी मधे, कधी जरा बाजूला. फिरता बिघाड म्हणजे कुठेतरी जोड सैल असणार, म्हणून त्यांनी बोर्ड खाली उतरवला आणि एकेक जोड पुन्हा डागला. दुसऱ्या दिवशी ते दुसरा बोर्ड घेऊन आले. तोही लावून पाहिला. तरी बाक होताच. त्यांनी जेवण नको म्हटलं. मी दोनदा चहा आणून ठेवला, तो तसाच गार झाला.

शेवटी त्यांनी जाळीच्या मधल्या गाठी एकेक करून सरकवल्या, लाल आणि निळी तिच्यावर बसवली, आणि उठून उभे राहिले. झालं म्हणाले. मी चादरी काढल्या, अभयनी बातम्या लावल्या.

बातम्या सांगणाऱ्या माणसाचं नाक आणि गाल फुगलेले दिसत होते, फुग्यावर चेहरा काढल्यासारखे. कडेला सगळं ठीक, मधे फुगवटा. अभय सरळ स्वभावाचे, ते म्हणाले की भाऊ, मधे जरा फुगलंय का? गंगारामभाऊंनी पडद्याकडे पाहिलं, उजवा डोळा मिटला, पुन्हा पाहिलं. नाही म्हणाले, आता सरळ आहे. अभयनी माझ्याकडे पाहिलं. मला खोटं बोलता येईना. मी म्हटलं की मलाही फुगल्यासारखं दिसतंय.

भाऊ चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांचा चेहरा एकदम उतरला. इतक्या वर्षांत त्यांच्या कामाला कोणी नावं ठेवली नव्हती, आणि आम्ही तर घरचेच. त्यांनी पुन्हा हिरवी जाळी लावली आणि माझ्याकडे शिवणाचा दोरा मागितला. डोळ्यांची भांडणं दोरा मिटवतो, असं ते म्हणाले. मी रीळ आणून दिलं. एक टोक अभयनी पडद्याच्या डाव्या कडेला धरलं, दुसरं मी उजव्या कडेला. दोरा चांगला ताणला, गिटारीच्या तारेसारखा. आता रेघ दोऱ्याशी जुळते की नाही ते दिसणार होतं.

भाऊ आपल्या जागेवर बसले, उजवा डोळा मिटून बघू लागले. आम्ही दोघं हात ताणून उभे. मी मान वळवून पाहिलं तर त्यांनी आता डावा डोळा मिटला होता. मग पुन्हा उजवा. मग डावा. शेवटी अगदी हळू म्हणाले,

"बाई, दोरा ताणलाय ना?"

मी म्हटलं, "ताणलाय भाऊ. तुटेल आता."

"मग दोरापण वाकडा दिसतोय."

ताणलेला दोरा वाकडा असत नाही हे तिथे आम्हा तिघांनाही माहीत होतं. अभयनी दोरा सोडला, त्यांच्याजवळ जाऊन बसले आणि खांद्यावर हात ठेवला. भाऊंनी पुन्हा एकेक डोळा झाकून समोरची खिडकी पाहिली. उजव्या डोळ्याने गज सरळ होते. डाव्याने बघितलं की मधला गज वळत होता, आणि ते जिकडे बघत तिकडे तो बाक जात होता. फिरता बिघाड कुठे होता ते त्यांचं त्यांनाच कळलं. ते म्हणाले, "साहेब, हा पेटीतला नाय. हा माझ्यातला हाय."

मला आठवतंय, त्यांना सगळ्यात जास्त टोचलं ते डोळ्याचं नव्हतं. चांगला टीव्ही आपण बिघडवून ठेवला, हे ते परत परत म्हणत होते.

शालनवहिनींना आम्ही फोन करून बोलावून घेतलं. त्या अंगणवाडीतून तशाच रिक्षाने आल्या. म्हणाल्या की महिनाभर हे पेपर वाचताना ओळ चुकत होते, मी म्हटलं चष्म्याचा नंबर वाढला असेल. दुसऱ्या दिवशी रत्नागिरीतल्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासलं आणि लगेच मिरजेला जायला सांगितलं. डोळ्याच्या आतल्या पडद्याला सूज होती, बारीक नसांतून पाणी झिरपत होतं. डोळ्यात इंजेक्शनं घ्यावी लागतील, आणि एकदा घेऊन भागणार नाही. अजून थोडे महिने गेले असते तर मधलं दिसणं कायमचं गेलं असतं, असं मिरजेच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. मग त्यांनी विचारलं, तुम्हाला एवढ्या लवकर कसं कळलं? दोन्ही डोळे उघडे असले की चांगला डोळा सांभाळून घेतो, माणसांना पुष्कळदा कळत नाही. भाऊंनी हिरव्या जाळीचं सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी टेबलावरचा एक कागद उचलून त्यांच्यापुढे धरला. त्यावर तशीच चौकोनी जाळी छापलेली होती. हाच बिघाड शोधायला त्या ती वापरत. भाऊ तो कागद हातात घेऊन बघत राहिले. परतताना आंबा घाटात अभयनी गाडी थांबवली तेव्हा ते पहिल्यांदा मोकळं बोलले. म्हणाले, इंजेक्शन म्हटल्यावर मी पळून जाणार होतो, पण तो कागद बघितला आणि वाटलं, ही बाई आपल्याच लाईनमधली हाय.

मिरजेच्या फेऱ्या चालू राहिल्या. कधी अभय घेऊन जात, कधी ती दोघं एसटीने. सूज उतरली. डाव्या डोळ्यातला बाक पुरता गेला नाही, पण वाढायचा थांबला. अक्षरं पुन्हा ओळीत आली. डॉक्टरीणबाईंनी तो जाळीचा कागद त्यांना दिला आणि घरी रोज एकेक डोळा झाकून बघायला सांगितलं. ते तो आरशाशेजारी चिकटवून दाढी करताना बघतात, असं वहिनी सांगत होत्या.

तेवढे महिने आमच्या टीव्हीवर बातम्या सांगणाऱ्यांचे गाल फुगलेलेच राहिले. अभयनी दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नसता, आणि लावणारा कोणी उरलाही नव्हता. वेदिकेने नवा टीव्ही पाठवते म्हटलं तर अभय म्हणाले, थोडं थांब.

या उन्हाळ्यात एका सकाळी गंगारामभाऊ आणि शालनवहिनी दोघं आले. पिशवी वहिनींच्या हातात होती. भाऊंनी सांगितलं की दुकान मी बंद करतोय, पण तुमचं काम अर्धवट ठेवून नाही. खिडक्यांवर चादरी टाकल्या. हिरवी जाळी आली. वहिनींनी आणि मी दोरा धरला. भाऊंनी या वेळी डाव्या डोळ्यावर रुमाल बांधला आणि उजव्या डोळ्याने बघायला सुरुवात केली. त्या डोळ्याला सवय नव्हती. उजव्या डोळ्याने बघताना मान भलतीकडे जायची आणि ते पुन्हा पुन्हा नीट बसायचे. मधेच मला विचारायचे, बाई, ही रेघ दोऱ्याखाली गेली का? मी सांगायची. वहिनी सांगायच्या. पूर्वी ते एकट्याने बघायचे, आता आम्ही तिघं मिळून बघत होतो. हिरवी बसली, मग लाल, मग निळी. रंग नाहीसे झाले आणि रेघा पांढऱ्या उरल्या.

भाऊंनी रुमाल सोडला. बातम्या लावायला अभयनी रिमोट उचलला तेव्हा शालनवहिनी म्हणाल्या की थांबा, एक वस्तू आणलीय. पिशवीतून त्यांनी एक सीडी काढली. त्यांच्या गावच्या बुद्धविहाराचं उद्घाटन झालं तेव्हा वाडीतल्या कोणीतरी शूटिंग केलं होतं. घरच्या छोट्या टीव्हीवर ती कधीतरी पाहिली होती, पुढे ती चालवायला यंत्रच उरलं नाही. आमच्याकडे जुना प्लेअर होता. अभयनी तो माळ्यावरून काढला, पुसला, जोडला.

पडद्यावर लाल मातीचं अंगण आलं. पताका, पांढऱ्या साड्या नेसलेल्या बायका, पंगतीची गडबड. चित्र जुनं, जरा थरथरणारं, पण आमच्या मोठ्या पडद्यावर पसरलेलं. कॅमेरा बायकांवरून फिरत एका म्हाताऱ्या बाईंवर थांबला. त्या पाण्याची कळशी खाली ठेवत होत्या. कॅमेरा आपल्याकडेच आहे हे कळल्यावर त्यांनी पदर तोंडाला लावला, पण डोळे हसत राहिले.

"आई," भाऊ म्हणाले.

त्यांच्या आईला, मथुराबाईंना, जाऊन बरीच वर्षं झाली होती. भाऊंकडे त्यांचा एकच फोटो होता, तो आधारकार्डाचा, हे मला वहिनींनी नंतर सांगितलं. भाऊ जागेवरून उठले आणि पडद्याच्या अगदी जवळ जाऊन उभे राहिले. एवढ्या जवळून या टीव्हीचं चित्र फिकं पडतं हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत नव्हतं, म्हणून दोन पावलं मागे आले. मग आणखी एक. जिथून चित्र भरून दिसतं तिथे थांबले.

अभयनी न विचारता सीडी मागे घेतली. मथुराबाईंनी पुन्हा कळशी खाली ठेवली, पुन्हा पदर तोंडाला लावला. मी खिडकीवरची चादर काढायला उठले होते, ती तशीच राहू दिली आणि वहिनींच्या शेजारी जाऊन बसले. वहिनी मला एकेका बाईचं नाव सांगू लागल्या, कोण कुठल्या घरातली, कोण आता मुंबईला असते, कोण नाही राहिली. भाऊ उभेच होते. त्यांनी दोन्ही डोळे उघडे ठेवले होते.